देवूने स्वतः बघितलेली गाडी

क्षमाची जुनी गाडी गणपतीच्या आधी चार दिवस कडेगावच्या अलीकडे बंद पडली, ती कायमचीच. दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर पळालेली गाडी. पलूसच्या कृष्णात मिस्त्रीने ती ओढून नेली, अर्धा दिवस खोलून बघितली आणि मग बॉनेट हळूच खाली टेकवलं. "ताई, हिच्यात आता पैसा घालू नका," एवढंच म्हणाला. क्षमाने वाद घातला नाही. अकरा वर्षं त्याचाच हात त्या गाडीवर फिरला होता.

क्षमा राहायची साताऱ्यात आणि गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवरची, फॅट मोजणारी यंत्रं दुरुस्त करायची. कंपनीची नोकरी सोडून तिने स्वतःचं काम सुरू केलं त्याला नऊ वर्षं झाली होती. सकाळच्या दुधाला मशीन बंद पडलं की माणसं किटल्या घेऊन रांगेत ताटकळतात, चेअरमनला चार शब्द ऐकून घ्यावे लागतात आणि चेअरमन क्षमाला फोन लावतो. इकडे कोयनानगर आणि तिकडे पार आटपाडी, महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर सहज व्हायचे. गाडी म्हणजे तिचं दुकानच होतं. ते बंद ठेवून चालणार नव्हतं.

नवी घ्यायची की जुनी, यावर घरात आठवडाभर बोलणं चाललं. तिचा नवरा सुमंत कॉलेजात ग्रंथपाल. त्याचं म्हणणं सरळ होतं. "तू तीन वर्षांत कुठलीही गाडी जुनी करतेस. मग नव्याची किंमत कशाला मोजायची? कुणीतरी जपून वापरलेली घे. घाईचं कर्ज मला नको वाटतं."

अशी एक गाडी समोरही होती. आटपाडीकडच्या एका वाडीत धुळा म्हणून एक चेअरमन होता. त्याच्या वडिलांची सगळी हयात मेंढरांमागे गेली. धुळाने डाळिंब लावलं, गाई घेतल्या आणि गावात दूध केंद्र उभं केलं. डाळिंबाच्या कामाला पुण्याला जायला घेतलेली डिझेल गाडी त्याला आता काढायची होती.

"मॅडम, एक लाख चाळीस हजार पळालीया," त्याने आधीच सांगून टाकलं. "क्लच वर्षाच्या आत घालायला लागंल. मागच्या दाराला बैलाचं शिंग लागलंय, ते बी तसंच हाय. बाकी हात लावायचं काम न्हाई." मग त्याने आतून एक पिशवी आणली. त्यात पहिल्या दिवसापासूनच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या होत्या, तारखेवार.

क्षमाने गाडी खरसुंडीपर्यंत नेऊन आणली. चढाला दम होता, स्टिअरिंग हलकं होतं. दोन दिवसांत सांगते म्हणाली. मनातून तिचं जवळजवळ ठरलंच होतं.

साताऱ्याला परतताना तिने देवदत्तला फोन केला, तो खरं तर सहज. देवदत्त तिचा मामेभाऊ, सांगलीत गाड्यांच्या एका शोरूममध्ये सेल्स मॅनेजर. क्षमा डिप्लोमाला सांगलीत मामाकडे राहिली तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. तिच्याच खोलीत अभ्यासाला बसायचा, तिच्याच ताटातलं खायचा. पुढे त्याचे विषय राहिले, वर्ष-दीड वर्ष तो घरात नुसता बसून होता, मामा त्याच्याशी बोलेनासे झाले होते. तेव्हा क्षमानेच ओळखीच्या एका डेअरीवाल्याकडून त्या शोरूमच्या मालकापर्यंत शब्द पोचवला होता. तिला सख्खा भाऊ नव्हता. देवू होता, म्हणून ते कधी जाणवलंही नव्हतं.

"धुळाची गाडी?" देवदत्त हसला. "ताई, एक लाख चाळीस हजार हे तो सांगतोय. मीटर मागे फिरवायला दहा मिनिटं लागतात. मी रोज बघतो हे."

"तो तसा माणूस नाहीये रे."

"तसं कुणीच नसतं गं. पण तू कोयनेच्या रस्त्याला एकटी असतेस. वळणावर गाडी बंद पडली, मोबाइलला रेंज नाही, तर भाऊजींनी काय करायचं? तुझं रनिंग एवढं मोठं. तुला वॉरंटीतलीच गाडी पाहिजे." मग तो म्हणाला, "मी असताना तू दुसऱ्याची उतरवलेली गाडी वापरणार, हे मला बरं नाही वाटत."

या शेवटच्या वाक्याने तिचं मन फिरलं. घरी येऊन तिने सुमंतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझी गाडी आहे, तू ठरव." तिने नवी घ्यायचं ठरवलं.

धुळाला नकार कळवताना मात्र तिच्या तोंडून नको ते निघून गेलं. "घरात नवीच घ्यायचं ठरलंय," इथपर्यंत ठीक होतं. पुढे ती म्हणाली, "आणि जुन्याला हल्ली मीटरचं काही सांगता येत नाही ना."

धुळा पलीकडून म्हणाला, "व्हय. बरूबर हाय मॅडम. ज्यानं त्यानं आपली खात्री करावी." त्यानंतर त्याने मशीनच्या कामाचं विचारलं आणि फोन ठेवला.

नव्या गाडीला दोन महिने थांबावं लागेल असं सगळीकडे सांगत होते. देवदत्तने पंधरा दिवसांत सोय केली. कुणाचं तरी बुकिंग रद्द झालं होतं, पांढरीच गाडी होती, ती त्याने तिच्या नावावर वळवून घेतली. पासिंगच्या आधी एकदा येऊन बघते असं क्षमा म्हणाली, तर तो म्हणाला, "एवढ्यासाठी साताऱ्याहून कशाला येतेस? मी स्वतः बघून घेतो. खालून-वरून, सगळी."

दसऱ्याला गाडी मिळाली. झेंडूचा हार, नारळ, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. देवदत्तची बायको श्रद्धा घरून ताम्हन घेऊन आली होती. तिने गाडीला आणि क्षमाला दोघींना ओवाळलं. शरच्चंद्रमामा पांढरा सदरा घालून खुर्चीवर बसले होते. सेवानिवृत्त बँक अधिकारी, पंचाहत्तरीला आलेले. मुलाने भाचीचं काम केलं म्हणून त्यांचा चेहरा फुलला होता. आत सगळीकडे जाड, शिवलेल्या मॅट बसवलेल्या होत्या, कडेपासून कडेपर्यंत, अगदी स्क्रू मारून पक्क्या.

"या माझ्याकडून, ताई," देवदत्त म्हणाला. "तू चिखलातून आत-बाहेर करतेस ना, म्हणून."

क्षमाचे डोळे भरून आले. एवढा बारीक विचार सुमंतनेही केला नसता, असं तिला वाटलं.

"आणि एक लक्षात ठेव. सर्व्हिसिंगला गाडी माझ्याकडेच आणायची. दुसरीकडची पोरं वाटेल तसं करतात. माझ्या नजरेसमोर काम झालेलं बरं."

दिवाळीपर्यंत सगळं छान चाललं. मग मागची एक काच अडकली. पुढच्या आठवड्यात डाव्या बाजूचा स्पीकर गेला. पट्टा लावलेला असतानाही पट्ट्याचा दिवा लुकलुकायला लागला. सकाळी एसी लावला की आत एक वास यायचा, ओल्या गोणपाटासारखा. दर वेळी देवदत्त गाडी दिवसभर ठेवून घ्यायचा, संध्याकाळी हसतमुखाने किल्ली द्यायचा. सॉफ्टवेअर होतं, अपडेट केलंय. वासाचं म्हटल्यावर त्याने अत्तराची एक बाटली एसीच्या जाळीला अडकवून दिली.

"नव्या गाडीला इतकं?" सुमंतने एकदा विचारलं.

"देवू बघतोय ना," ती म्हणाली.

जानेवारीत ती कोयनानगरच्या बाजूच्या एका केंद्रावर निघाली होती. पाटण मागे पडलं होतं, दुपारचे तीन वाजले असतील. चढाच्या वळणावर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटले, पिकअप गेला आणि गाडी थांबली. ब्रेक दगडासारखा कडक झाला, स्टिअरिंग वळेना. गाडी उतारावर मागे सरकायला लागली. क्षमाने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला आणि पाय ब्रेकवर दाबून धरला. उजवीकडे दरड होती, डावीकडे तुटका कठडा. मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने ते ओळखलं. त्याने आणि कंडक्टरने उतरून चाकांमागे दगड लावले.

"नवीच दिसती की गाडी," कंडक्टर म्हणाला.

तासाभराने गाडी आपोआप सुरू झाली. देवदत्तला फोन लागला तेव्हा तो म्हणाला, "सेन्सर असेल. उद्या घेऊन ये. घाबरलीस का?" त्याचा आवाज इतका मायेचा होता, की आपणच उगाच घाबरलो असं तिला वाटलं. त्याने सेन्सर बदलला आणि पैसे घेतले नाहीत.

दहा दिवसांनी पलूसच्या केंद्रावरचं काम संपवून ती बाहेर आली, तर गाडी सुरूच होईना. कृष्णातचं गॅरेज हाकेच्या अंतरावर होतं. तो आला, बॉनेट उघडलं, वायरिंगला हात लावून बघितला. मग त्याने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि उकिडवा बसून आतला वास घेतला.

"ताई, कुठनं घेतली ही?"

"शोरूममधून. नवी आहे, दसऱ्याची."

कृष्णातने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. "मॅट काढू का?"

एकेक स्क्रू निघाला. मॅटखालचं मूळचं कार्पेट कडेला किंचित फुगलेलं होतं. त्याने ते धरून वर उचललं आणि मोबाइलचा दिवा लावला. पत्र्याच्या खोलगट भागात करड्या रंगाचा, पिठासारखा बारीक गाळ वाळून बसला होता. सीटच्या सळईला तांबडा गंज धरला होता. वायरींच्या जोडावर हिरवट बुरशीसारखं काहीतरी फुटलं होतं. कृष्णातने थोडा गाळ चिमटीत घेतला आणि तिच्यासमोर धरला.

"ही किष्णंची माती हाय, ताई. पुराची. आमच्या हितं दर पुरात धा-वीस गाड्या बुडत्यात, मी आयुष्यभर हेच उपसत आलोय. ही गाडी पाण्यातनं निघाल्याली हाय."

"पण नवी आहे ती," क्षमा म्हणाली. आपण हे दुसऱ्यांदा म्हणतोय, हे तिच्या लक्षात आलं.

"नवीच आसंल. तुमी घ्यायच्या आदी बुडली आसंल."

ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांवर गेलं होतं. देवदत्तनेच तेव्हा फोनवर सांगितलं होतं, रात्रभर जागून यार्डातल्या गाड्या उंचावर काढल्या म्हणून. किती कौतुक केलं होतं तिने त्याचं.

गाळाचे, गंजाचे फोटो कृष्णातने तिच्याच फोनमध्ये काढून दिले. गाडी त्याच्याकडे ठेवून ती सांगलीच्या एसटीत बसली. तासाभराच्या त्या प्रवासात तिला एकेक गोष्ट उलट्या बाजूने दिसायला लागली. मी स्वतः बघून घेतो. सर्व्हिसिंगला माझ्याकडेच आण. अत्तराची बाटली. कडेपासून कडेपर्यंत, स्क्रू मारलेल्या मॅट. त्याने केलेली एकही गोष्ट आता नुसती माया म्हणून उरत नव्हती. तरीही ती स्वतःशी म्हणत होती, त्याला माहीत नसेल. मालकाने त्यालाही फसवलं असेल. विश्रामबागेला उतरेपर्यंत ती या एका वाक्याला धरून होती.

सोमवार होता, देवदत्तची सुट्टी. दार त्यानेच उघडलं. "अगं, न कळवता?" म्हणून हसला. मामा आत झोपले होते. श्रद्धाने पाणी आणून दिलं. क्षमा पाणी प्यायली, तिने फोन काढला आणि गाळाचा फोटो त्याच्यासमोर धरला.

त्याने फोटो बोटांनी मोठा करून बघितला. "हे कुणी उघडलं?" त्याने विचारलं.

त्या प्रश्नातच तिला कळलं. हे काय आहे, असं त्याने विचारलं नाही. कुणी उघडलं, असं विचारलं.

"देवू, तुला माहीत होतं?"

"फक्त कार्पेटपर्यंत पाणी होतं, ताई. इंजिनाला लागलंच नाही. आम्ही सगळं काढून सुकवलं, मशीन लावून सुकवलं. मला खरंच वाटलं काही होणार नाही."

"आणि मला दिलीस?"

"तीन गाड्या होत्या. मालक म्हणाले, ओळखीत काढा. बाहेरच्या माणसाला दिली तर तो पेपरात जातो, फेसबुकवर टाकतो. प्रत्येक मॅनेजरवर एकेक टाकली त्यांनी. माझी नोकरीच होती गं त्यावर."

"म्हणजे मी ओरडणार नाही म्हणून."

"तसं नाही. तू घरची. काही झालं तरी मी बघणारच होतो ना? बघतच होतो की. एक पैसा घेतला का तुझ्याकडून?"

क्षमाला कोयनेच्या रस्त्यावरचा तो कठडा आठवला. गाडी मागे सरकताना पायाखालचा तो कडक ब्रेक. "मी एकटी असते म्हणून नवी घे म्हणालास तू," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं.

श्रद्धा इतका वेळ स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. ती पुढे आली. "ताई, मी ह्यांना तेव्हाच म्हटलं होतं," ती खरोखरच्या कळवळ्याने म्हणाली. "म्हटलं, देताय तर निदान मॅट तरी चांगल्या घालून द्या. त्या मीच निवडल्या."

क्षमाने तिच्याकडे बघितलं. दसऱ्याला हिनेच ओवाळलं होतं. क्षमा उठली आणि चप्पल घालायला लागली. देवदत्त मागे आला. "पंधरा दिवस दे. मी बदलून देतो. बाबांना मात्र सांगू नकोस, त्यांना बीपी आहे."

तिने मामांना सांगितलं नाही. पंधरा दिवस थांबली, मग महिनाभर थांबली, मग आणखी दोन आठवडे. आधी देवदत्त सांगायचा, मालक बाहेरगावी आहेत. मग त्याचा फोन लागेनासा झाला. मग तो फोन उचलेनासा झाला. सुमंत एका शब्दानेही बोलला नाही, आणि त्याचं ते न बोलणं तिला जड जायचं. दरम्यान तिने त्याच कंपनीच्या साताऱ्यातल्या वर्कशॉपमध्ये जाऊन चासी नंबर दिला. तिथल्या माणसाने संगणकावर बघून कागदच छापून दिला. तिच्या नावावर गाडी होण्याआधी सात आठवडे, ऑगस्टच्या तारखेचं काम: सीट काढणे, कार्पेट काढणे, वायरिंग सुकवणे. खाली तपासणाऱ्याचं नाव, देवदत्तचं.

कागद हातात आल्यावर तिने वकीलबाई गाठल्या आणि साताऱ्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली.

चौथ्या दिवशी मामांचा फोन आला. "क्षमा, घरातली गोष्ट कोर्टात नेलीस? आधी घरात बोलायचं ना."

"घरातच बोलले होते, मामा. दोन महिने."

"त्याची नोकरी जाईल."

"ती नोकरी मीच लावली होती, मामा."

मामांनी फोन ठेवला. मग किती तरी महिने त्यांचा फोन आला नाही. क्षमाच्या आईला मात्र जायचा, ते तिला आईकडून कळायचं.

त्या उन्हाळ्यात ती भाड्याच्या गाडीने फिरली. आटपाडीच्या बाजूला गेली तेव्हा धुळाने विचारलं, "नवी गाडी कुटं, मॅडम?" तिने मशीनचं झाकण उघडता उघडता सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"तुमच्या भावानं?" धुळाने विचारलं.

"हो."

"सख्ख्या?"

"मामेभाऊ. पण सख्ख्यासारखा."

तिला वाटलं, धुळा आता मीटरचं काही बोलेल. त्याला हक्क होता. पण त्याने आईला हाक मारली. "धोंडुबाई, मॅडमला च्या टाक, दुधाचा." आईला तो नावानेच हाक मारायचा. मग तो क्षमाला म्हणाला, "माज्या गाडीचं काय न्हाई. ती दिली मी, विट्याच्या एका मास्तरला." एवढंच. क्षमाने मान वर केली नाही. माफी मागायची होती, पण ती मागायला तोंड उघडलं तर भलतंच काही बाहेर येईल, अशी तिला भीती वाटली.

पावसाळ्यात शोरूमचं उत्तर आलं. वकीलबाईंनी तिला ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली आणि कागद पुढे सरकवला. उत्तराबरोबर देवदत्तचं प्रतिज्ञापत्र होतं. तक्रारदार माझी आतेबहीण असून, सदर वाहन पाण्यात राहिल्याची पूर्ण कल्पना मी तिला तोंडी दिली होती. जुने वाहन बंद पडल्याने तक्रारदार घाईत होती. तिचे पती कर्ज काढण्यास राजी नव्हते, त्यामुळे घरात वाद होते. त्या वादातूनच ही तक्रार झाली आहे.

क्षमाने ते तीनदा वाचलं. गाडी त्याने नोकरीच्या भीतीने दिली, हे तिने कुठेतरी आत गिळायला सुरुवात केली होती. पण सुमंत कर्जाला राजी नाही, हे तिने देवूला आटपाडीहून परतीच्या वाटेवर फोनवर सांगितलं होतं, भावाला सांगतात तसं. ते आता इथे टंकलिखित होऊन पडलं होतं, खाली शिक्का, सही. सहीतला द तोच होता, गोल, शेपटी लांब ओढलेला. अक्षर तिनेच गिरवून घेतलं होतं त्याचं.

"याचा उपयोग होणार नाही त्यांना," वकीलबाई म्हणाल्या. "कल्पना दिली होती तर पूर्ण किंमत का घेतली? बिलावर एक रुपयाची सूट नाही. हे त्यांच्याच अंगाशी येईल."

तसंच झालं. पुढच्या वर्षी निकाल लागला. गाडी परत घ्या, पैसे व्याजासह द्या, वर खर्चही. वकीलबाईंनी पेढे आणले. क्षमाने एक घेतला, तो हातातच राहिला. शोरूमच्या मालकाने अपील केलं नाही. यात सगळा दोष मॅनेजरचा होता असं सांगत सुटला आणि महिन्याभरात देवदत्तला काढून टाकलं. ज्या माणसासाठी त्याने ती सही केली, त्याने त्याला एवढंच दिलं. देवदत्त कोल्हापूरला दुसऱ्या शोरूममध्ये लागला, पगार कमी. हे तिला आईकडून कळलं. ऐकून तिला समाधान वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही.

पैसे आल्यावर तिने जुनीच गाडी घेतली. वाईतले एक निवृत्त इंजिनिअर मुलाकडे जाणार होते, त्यांची. चासी नंबर आधी मागवून घेतला, वर्कशॉपचे कागद काढले, मग कृष्णातला पलूसहून वाईला नेलं. एवढं करून, दारात उभ्या असलेल्या त्या गाडीत ती स्वतः गुडघ्यांवर बसली आणि चारही बाजूंचं कार्पेट उचलून बघितलं. इंजिनिअरांची बायको चहाचा ट्रे घेऊन पायरीवर थांबली होती.

"आम्ही फसवणारी माणसं नाही हो," त्या बाई हळूच म्हणाल्या.

"दिसतंय मला," क्षमा म्हणाली, आणि डिकीतलं उरलेलं कार्पेटही उचललं. खाली कोरडा, स्वच्छ पत्रा होता. चहा घेताना ती त्या बाईंकडे बघू शकली नाही.

त्या हिवाळ्यात शरच्चंद्रमामांच्या पंचाहत्तरीची शांत होती. लांबत लांबत उशीर झालेली. मामांनी स्वतः फोन केला. जुनं काही काढलं नाही, फक्त म्हणाले, "तू आली नाहीस तर मी पाटावर बसणार नाही." ती गेली. मामांच्या पाया पडली तेव्हा त्यांनी तिचे दोन्ही हात धरून ठेवले, सोडेनात. श्रद्धाने वाढताना तिच्या पानात दोनदा जिलबी वाढली. देवदत्त लांबून वावरत होता. कानांवरचे केस पांढरे झाले होते त्याचे.

जेवणं झाल्यावर ती निघाली तर तो फाटकापर्यंत मागे आला. मंगल कार्यालयाच्या अंगणात गाड्या दाटीने लावल्या होत्या.

"हीच का?" त्याने विचारलं. "कुणाकडून घेतलीस?"

"ओळखीचे नव्हते."

त्याने मान हलवली. गाडीभोवती एक चक्कर मारली, सवयीने टायरकडे बघितलं. "ताई, मी त्या कागदावर सही करायला नको होती," तो म्हणाला. "त्यांनी लिहून आणलेलं होतं."

"घरातलं त्यांना कुठून कळलं, देवू?"

अंगणातून कुणीतरी त्याला हाक मारली, त्याने वळून बघितलं नाही. क्षमा गाडीत बसली. मागे जागा कमी दिसत होती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मांडवाचा खांब. देवदत्त लगबगीने मागे जाऊन उभा राहिला आणि हात हलवायला लागला. "येऊ दे. येऊ दे, ताई. भरपूर जागा आहे."

आरशात तिला तो दिसत होता, दोन्ही हातांनी बोलावणारा. तिने गाडी थोडी मागे घेतली आणि थांबवली. हँडब्रेक ओढला. दार उघडून खाली उतरली, त्याच्या शेजारून मागे गेली, खांब बघितला, भिंत बघितली, मधलं अंतर डोळ्यांनी मोजलं. खरंच भरपूर जागा होती. देवदत्तचे हात खाली आले.

ती परत येऊन बसली, आणि आरशात बघत गाडी मागे घेतली.